दम लागतो, म्हणूनच चाला

३० मीटरचा कॉरिडॉर, दोन्ही टोकांना खुणेचे शंकू. सहा मिनिटांत जितकं जमेल तितकं चालायचं. दम लागला तर भिंतीला टेकून थांबायची मुभा आहे, पण घड्याळ चालूच राहतं. सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन हवा आत अडकवणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) किंवा फुप्फुसांचा फायब्रोसिस (फुप्फुसं ताठर होणं) असलेल्यांचं पुनर्वसन, म्हणजे देखरेखीखालचा व्यायामक्रम, बहुतेकदा या चाचणीने सुरू होतं.

चार पावलांत धापा टाकणाऱ्याला व्यायाम? घरच्यांना हा छळच वाटतो. ‘तुम्ही बसा, मी आणून देते.’ मायेने म्हटलेलं हेच वाक्य पुढे महागात पडतं. दम लागतो म्हणून माणूस चालणं टाळतो. न चालल्याने मांड्या रोडावतात. अशा स्नायूंत थोड्या श्रमानेही लॅक्टिक आम्ल साठतं, त्यातून जादा कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि तो बाहेर टाकायचं काम येतं पुन्हा त्याच आजारी फुप्फुसांवर.

व्यायामाने फुप्फुस दुरुस्त होत नाही, हे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं. स्पायरोमेट्रीचे (फुंकर मारून फुप्फुसांची क्षमता मोजण्याच्या तपासणीचे) आकडे जवळपास तेच राहतात. सुधारतात ते स्नायू. मग तेवढंच अंतर कमी श्वासात कापता येतं.

निदान सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा, चालणं किंवा सायकल, सोबत हातापायांसाठी वजनं. दम किती लागू द्यायचा, त्यालाही माप आहे: ० (दम नाही) ते १० (कमाल दम) च्या बोर्ग मापावर, म्हणजे रुग्णाने स्वतः दिलेल्या आकड्यात, साधारण ४ ते ६. म्हणजे दम लागायलाच हवा! शेजारी फिजिओथेरपिस्ट असताना, बोटाला ऑक्सिमीटर लावलेला असताना दम लागला, की दमाची भीती ओसरते. मला तर स्नायूंइतकंच हेही मोलाचं वाटतं. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडला, की आत अडकलेल्या हवेला बाहेर पडायला वेळ मिळतो. सलग जमत नसेल, तर थोडी सायकल, थोडी विश्रांती.

२०१५ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात सीओपीडीतील पुनर्वसनाच्या ६५ वैद्यकीय चाचण्या आणि ३,८२२ रुग्ण एकत्र तपासले गेले: दम कमी, चालणं जास्त, जगणं सुसह्य. तरीही इनहेलरची चिठ्ठी जितक्या सहज मिळते, तितक्या सहज व्यायामाची मिळत नाही.

आणि व्यायाम सोडला, तर कमावलेलं वर्षभरात बरंचसं ओसरतं. म्हणून शेवटच्या सत्रांत घरचं वेळापत्रक ठरवतात: कुठे चालायचं, किती वेळ, आणि छातीचा संसर्ग होऊन खंड पडला, तर पुन्हा सुरुवात कशी करायची.