तो नव्हता, असं एकदा होतं?

(दृश्य: पहाटेचं तळं. उथळ पाण्यात दगडी भिंतींच्या रेषा.)

तुर्कस्तानातल्या इझनिक गावाला लागून असलेलं हे तळं. 2014 मध्ये विमानातून काढलेल्या फोटोंत या पाण्याखाली एका जुन्या चर्चचा आराखडा दिसला. पुढे पाणी ओसरत गेलं आणि भिंती उघड्या पडल्या. 28 नोव्हेंबर 2025 रोजी पोप लिओ चौदावे आणि कॉन्स्टंटिनोपलचे (आजचं इस्तंबूल) पॅट्रिआर्क, म्हणजे ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुख, बार्थोलोम्यू यांनी याच अवशेषांपाशी एकत्र प्रार्थना केली.

या गावाचं जुनं नाव निकिया. सतराशे वर्षांपूर्वी, 325 साली, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इथे बिशपांना बोलावून घेतलं. परंपरा त्यांची संख्या 318 सांगते; अभ्यासक अडीचशे ते तीनशेच्या आसपास धरतात. आधीच्या सम्राटांनी केलेल्या छळाच्या खुणा काहींच्या अंगावर अजून होत्या. आता सम्राटच यजमान होता. आणि हे सगळे जमले होते ते एका शब्दापायी. तो शब्द होता, 'एकदा'.

(दृश्य: अलेक्झांड्रियाचं बंदर.)

इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात आरियस नावाचा धर्मगुरू होता. व्रतस्थ, विद्वान, बोलण्यात गोड. आपली शिकवण लोकांच्या तोंडी बसावी म्हणून त्याने गाणी रचली. खलाशांसाठी, जात्यावर दळणाऱ्यांसाठी, वाटसरूंसाठी. त्याच्या बाजूच्याच एका जुन्या इतिहासकाराने हे लिहून ठेवलं आहे. धर्मज्ञान जात्यापाशी पोचवणारा हा माणूस खलनायक म्हणून उभा करणं मला पटत नाही. त्याला देवाचं एकत्व जपायचं होतं. पिता तेवढा अनादी, त्याला उगम नाही. मग पुत्राला, म्हणजे येशू ख्रिस्ताला, उगम आहे, म्हणजे पुत्र पित्याने निर्माण केलेला, सगळ्या सृष्टीत पहिला आणि श्रेष्ठ, पण निर्मितच.

यातून त्याचं ते प्रसिद्ध वाक्य आलं. ग्रीकमध्ये ते फार थोड्या शब्दांचं आहे आणि मराठीत चपखल बसतं: 'तो नव्हता, असं एकदा होतं.'

नीट ऐका. या वाक्यात 'काळ' हा शब्द नाही. आरियसने तो मुद्दाम टाळला. पुत्र सगळ्या काळांपूर्वी, युगांपूर्वी झाला, हे तोही म्हणत होता. पण काळ हा शब्द दाराबाहेर ठेवला तरी 'एकदा' घरात शिरलाच. आणि 'एकदा' म्हटलं की आधी आलं, नंतर आलं.

निकियाला आपल्या बिशपाबरोबर एक तरुण डीकन, म्हणजे धर्मसेवेतला सहायक, आला होता. अथनेशियस. पुढे तो स्वतः अलेक्झांड्रियाचा बिशप झाला, पाच वेळा हद्दपार झाला, आयुष्यातली सुमारे सतरा वर्षं त्याने परागंदा काढली. त्याचं म्हणणं घरातल्या पोरालाही कळेल असं आहे. दिवा आधी पेटला आणि उजेड नंतर पडला, असं कधी होतं का? ज्यातून पाणीच वाहत नाही, त्या कोरड्या खड्ड्याला झरा कोण म्हणेल? पुत्र एकदा नव्हता असं म्हणाल, तर पिताही एकदा पिता नव्हता. तो नंतर बाप झाला. म्हणजे देवाच्या स्वरूपातच काहीतरी कमी होतं, ते मागाहून भरून निघालं.

मला या सगळ्या वादाचं मर्म इथे दिसतं. देव प्रेम आहे, असं बायबलमधल्या योहानाच्या पत्रात लिहिलं आहे. प्रेमाला दुसरा लागतो. तो दुसरा जर मागाहून आला असेल, तर प्रेमही मागाहून आलं.

निकियाला जमलेल्या बिशपांच्या परिषदेने मतांगीकार लिहिला, म्हणजे श्रद्धेची कबुली. 'प्रकाशापासून प्रकाश. जन्म दिलेला, निर्माण केलेला नव्हे.' आणि शेवटी आरियसचं ते 'एकदा'चं वाक्य जसंच्या तसं घेऊन, ते म्हणणाऱ्यांना बहिष्कृत ठरवलं.

(दृश्य: अल्जीरियातलं अन्नाबा. टेकडीखाली हिप्पो नगरीचे अवशेष.)

वाद मिटला नाहीच. पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न, काळ म्हणजे काय, तो हातात घेतला दुसऱ्याच एका माणसाने. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप, ऑगस्टीन. चौथं शतक सरत आलेलं.

लोक त्याला विचारत, जग निर्माण करण्यापूर्वी देव काय करत होता? त्याला एक थट्टेचं उत्तर ठाऊक होतं: असले प्रश्न विचारणाऱ्यांसाठी नरक तयार करत होता. ऑगस्टीन ते उत्तर सांगतो आणि बाजूला ठेवतो. खऱ्या प्रश्नाची टिंगल करायची नाही, हा त्याचा बाणा मला फार आवडतो. त्याचं स्वतःचं उत्तर असं: काळही देवानेच निर्माण केला. काळच नव्हता तिथे 'तेव्हा' कुठून आणणार?

मग तो एक साधी गोष्ट करून बघतो. एक ओळ म्हणतो: 'देउस क्रेआतोर ओम्निउम'. अर्थ, देव सर्वांचा निर्माता. आठ अक्षरं. लघु, गुरु, लघु, गुरु, असं शेवटपर्यंत. वृत्तं घोकलेल्या मराठी माणसाला हे लगेच कळेल. गुरु अक्षर लघुच्या दुप्पट, असं आपण म्हणतो. पण मोजतो कसं? गुरु अक्षर संपल्याशिवाय त्याची लांबी कळत नाही. आणि संपलं की ते उरतच नाही. मग आपण मोजलं काय? ऑगस्टीन म्हणतो, मनात उमटलेला ठसा. गेलेलं आठवणीत, येणारं अपेक्षेत, आणि त्यांच्यामध्ये ताणलं गेलेलं आपलं मन.

आपण असे ताणलेले. देव तसा नाही. आणि इथेच ऑगस्टीन बायबलमधल्या दुसऱ्या स्तोत्रातला एक चरण उचलतो: 'तू माझा पुत्र आहेस, आज मी तुला जन्म दिला आहे.'

आज! कुठला आज? ऑगस्टीन देवाला म्हणतो, तुझा आज उद्याला जागा करून देत नाही, कालच्या मागून येत नाही. तुझा आज म्हणजेच अनंतकाळ. म्हणून ज्याला तू 'आज जन्म दिला' म्हणतोस, तो तुझ्याइतकाच अनादी.

आरियसच्या 'एकदा'समोर ठेवायला एवढा एक शब्द पुरे होता.

पुढे सहाव्या शतकात रोमन तत्त्वज्ञ बोएथियस याने अनंतकाळाची व्याख्या केली, तीही मृत्युदंडाची वाट पाहत तुरुंगात. न संपणारं जीवन, सगळंच्या सगळं, एकाच वेळी हाती असणं. ज्याच्या हातून दिवस निसटत होते, त्याने हे लिहावं! अनंतकाळ म्हणजे लांबच लांब पसरलेला रिकामा वेळ, ही आपली समजूत तिथे गळून पडते.

(दृश्य: गोवा. राशोल.)

आपल्या भाषेत हा विचार आला तो ओवीतून. 1616 मध्ये गोव्यातल्या राशोलला इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं, रोमन लिपीत, पण मराठीत. आरंभीच्याच स्तवनात ते देवाला म्हणतात, 'आदि अंतु नातुडे'. आरंभ आणि शेवट हाती लागत नाही. तत्त्वज्ञांनी हजार वर्षं घासलेली कल्पना तीन शब्दांत.

(दृश्य: इस्तंबूल. बाजार, पावाचं दुकान.)

आता परत मागे, 381 सालाच्या आसपास. शहर कॉन्स्टंटिनोपल. निसाचा ग्रेगरी सांगतो: इथे पावाचा भाव विचारा, दुकानदार सांगतो, पिता मोठा आणि पुत्र लहान. स्नानाचं पाणी तयार आहे का विचारा, उत्तर येतं, पुत्र शून्यातून झाला. गल्लीबोळात हीच चर्चा.

त्याच शहरात दुसरा ग्रेगरी, नाझियान्झसचा, प्रवचनात आरियसचंच वाक्य उलटवून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तिघांना लावतो. पिता नव्हता असं एकदा असेल, तर पुत्रही नव्हता असं एकदा असेल, आणि मग आत्म्याचंही तेच. एक जर आरंभापासून आहे, तर तिघेही आहेत. पवित्र आत्म्याचं नाव असं उघडपणे काळाच्या पलीकडे नेऊन ठेवलं गेलं.

381 मध्ये याच शहरात भरलेल्या परिषदेशी जोडलेला मतांगीकार हाच आज जगभरच्या बहुतेक चर्चमध्ये म्हटला जातो. निकियाच्या मूळ मजकुरात नसलेल्या दोन गोष्टी त्यात आहेत. एक, पुत्र पित्यापासून 'सर्व युगांपूर्वी' जन्मला. दुसरी, तो 'पंतय पिलाताच्या अमदानीत' क्रुसावर खिळला गेला. पिलात हा यहूदियाचा रोमन सुभेदार, इसवी सन 26 ते 36. तारखा असतात अशा इतिहासातला एक अधिकारी.

आजचे काही तत्त्ववेत्ते विचारतात, काळाबाहेरचा देव प्रार्थना ऐकणार कसा, माणसाच्या सुखदुःखाला धावून येणार कसा? 1975 मध्ये निकोलस वोल्टरस्टॉर्फ यांनी हा आक्षेप जोरकसपणे मांडला. बायबलमधला देव इतिहासात वावरतो, असं त्यांचं म्हणणं. आक्षेप वजनदार आहे. पण मतांगीकार वाचताना मला वाटतं, तो लिहिणाऱ्यांनी यातला एक पर्याय निवडायचं नाकारलं. ज्याच्या जन्माला तारीख नाही, त्याच्याच मरणाला सुभेदाराचं नाव लावलं.

(दृश्य: वसई. नाताळची मध्यरात्र. मराठी मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना.)

दर रविवारी मिस्सेत मतांगीकार म्हणताना, तो कुमारी मरियेपासून देह धारण करून मनुष्य झाला, या शब्दांपाशी लोक मान लववतात. 'सर्व युगांपूर्वी' म्हणून झालेलं असतं, पिलाताचं नाव अजून यायचं असतं. नाताळच्या रात्री मात्र मान लववून भागत नाही. त्या एका ओळीला सगळं चर्च गुडघे टेकतं. क्षणभर बाकांचा आवाज होतो, मग शांतता. आणि लोक उठून पुढची ओळ म्हणतात.