वयाच्या माथी मारलेले दुष्परिणाम

(एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेतील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. वक्त्या फिजिशियन आहेत.)

नमस्कार मंडळी. संघाने मला विषय दिला होता 'निद्रानाश: कारणे आणि उपाय'. कारणं सांगत बसले तर मागे ठेवलेला चहा गार होईल, म्हणून मी एकच तुकडा उचलते: झोपेच्या गोळीचे दुष्परिणाम. आणि त्यातही एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे. दुष्परिणाम म्हटलं की आपल्याला आठवतं पित्त उठणं, मळमळणं, पोट बिघडणं. झोपेच्या गोळीने यातलं सहसा काही होत नाही. तिचा त्रास दिसतो दिवसा, आणि दिसतो तो हुबेहूब म्हातारपणासारखा. तोल जातो, नावं आठवत नाहीत, कशात मन लागत नाही, दुपारी बसल्याबसल्या डुलकी लागते. घरातले म्हणतात, आता वय झालं. वयही बिचारं काही बोलत नाही.

एक आजी माझ्याकडे आल्या होत्या. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगते. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, आईला अल्झायमर झालाय का तेवढं बघा." गॅस चालू राहतो, पूजा करता करता मधेच थांबतात, सकाळी न्हाणीघरातून येताना भिंत धरून चालतात. मी म्हटलं, आधी गोळ्यांची पिशवी उपडी करा. बीपीची निघाली, थायरॉइडची निघाली, कॅल्शियम, आणि कात्रीने कापलेला स्ट्रिपचा एक तुकडा. नावाचा भाग मेडिकलवाल्याकडेच राहिलेला. शेवटचं 'झेपाम' आणि पुढे 0.5 एवढंच उरलेलं. विचारलं, ही कधीपासून? सून म्हणाली, "ती होय, ती साधी झोपेची. बाबा गेले ना, तेव्हापासून." बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. शिवाय नाक वाहतं म्हणून रोज रात्री सर्दीची एक गोळी, तीही गुंगी आणणारी. काही महिन्यांत दोन्ही हळूहळू उतरवत बंद केल्या. विसरणं सगळं गेलं नाही, खोटं कशाला सांगू. पण भिंत सुटली आणि पूजा पुरी व्हायला लागली.

हे असं का होतं? अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, नायट्राझेपाम, डायझेपाम ही सगळी एकाच घराण्यातली औषधं, घराण्याचं नाव बेन्झोडायझेपाइन. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं, मज्जापेशींना 'शांत हो' सांगणारं. या गोळ्या त्याचा जोर वाढवतात. पण गोळीला पत्ता देता येत नाही, की बाई, तू फक्त झोपेच्या केंद्रात जा. ती तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत जाते, आठवणी साठवणाऱ्या भागात जाते, सगळीकडे जाते.

आणि तिथे किती वेळ बसते ते बघा. क्लोनाझेपामचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण 30 ते 40 तास लागतात. म्हणजे आज रात्री दहाला घेतलेली गोळी उद्या रात्री दहाला अर्ध्याहून जास्त शिल्लक असते, आणि तुम्ही वर दुसरी घेता. हंडा रिकामा व्हायच्या आत नळ पुन्हा सोडल्यासारखं. आठवडा-दीड आठवड्यात शरीरातला साठा एका गोळीच्या अडीचपटीच्या आसपास जाऊन स्थिरावतो. चिठ्ठीवर 0.5 लिहिलेलं असतं, पण सकाळी अकराला भाजी आणायला निघालेली व्यक्ती त्याहून कितीतरी जास्त औषध अंगात घेऊन रस्ता ओलांडत असते. डायझेपाम तर याहूनही रेंगाळतं, आणि वयाबरोबर यकृताचा वेग मंदावतो तसं आणखी. मग एके रात्री लघवीला उठताना पाय सटकतो आणि खुब्याचा बॉल बदलावा लागतो. फरशी ओली होती, असं सगळे म्हणतात. असेलही ओली. पण अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांची संघटना ज्येष्ठांनी टाळायच्या औषधांची जी यादी काढते, तिच्यात ही सगळी मंडळी आहेत, आणि पडणं, हाडं मोडणं ही त्यामागची मोठी कारणं आहेत.

तुमच्यापैकी काही जण मनात म्हणत असतील, आमची गोळी ती नाही, आमची झोल्पिडेम, नवी. बरोबर. ती दोन-अडीच तासांत निम्म्यावर येते, म्हणून सकाळी डोकं हलकं असतं अशी तिची ख्याती. अमेरिकेत तिला 1992 साली परवानगी मिळाली. पुढे वीस वर्षं बायका-पुरुषांना सारखाच डोस, साधारणपणे 10 मिलिग्रॅम. जानेवारी 2013 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, बायकांचा डोस अर्ध्यावर आणला. कारण? 10 मिलिग्रॅम घेतल्यावर आठ तासांनीही सुमारे 15 टक्के बायकांच्या रक्तात गाडी चालवणं धोक्याचं ठरेल इतकं औषध सापडत होतं. पुरुषांत हेच प्रमाण 3 टक्के. बायकांच्या शरीरातून ते हळू बाहेर पडतं. हे कळायला दोन दशकं जावी लागली याचा मला आजही राग येतो. तेव्हा भगिनींनो, नवऱ्याला लागू पडली म्हणून त्याच्या डब्यातली गोळी घ्यायची नाही. नाहीतरी ती घ्यायची नाहीच.

याच गोळीची दुसरी तऱ्हा जास्त चमत्कारिक. माणूस अर्धवट झोपेत उठतो, स्वयंपाकघरात जातो, पोहे भिजवतो, खातो, कुणाला फोन करतो, आणि सकाळी त्याला यातलं अक्षरही आठवत नाही. ओट्यावर खरकटी ताटली बघून सुनेवर संशय घेतलेली एक सासू मला माहीत आहे. हसण्यावारी न्यायचं नाही. कुणी गाडीच्या किल्ल्या घेतो, कुणी गच्चीत जातो. 2019 मध्ये एफडीएने झोल्पिडेम, एस्झोपिक्लोन आणि झालेप्लॉन या तिन्ही औषधांवर सर्वात कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला. 26 वर्षांतली 66 गंभीर प्रकरणं त्यांच्यासमोर होती, त्यात 20 मृत्यू. काहींच्या बाबतीत हे अगदी कमी डोसवर, पहिल्याच गोळीनंतर घडलं होतं. म्हणून एकदा जरी असं झालं, तरी ती गोळी तुमच्यासाठी संपली.

'नवी आहे, सुरक्षित आहे' या वाक्याला मी का बिचकते ते सांगते. 1903 साली बार्बिटल हे झोपेचं औषध आलं, मग त्याची भावंडं. ती जास्त झाली की श्वास थांबायचा. पश्चिम जर्मनीत 1957 साली झोपेची एक गोळी बाजारात आली, जास्त घेतली तरी माणूस मरत नाही अशी तिची जाहिरात. ती थॅलिडोमाइड. गरोदर बायकांनी घेतली आणि जगभरात दहा हजारांच्या घरात बाळं हातापायांच्या व्यंगासह जन्मली. 1960 पासून मघाशी सांगितलेल्या बेन्झोडायझेपाइन घराण्यातली औषधं आली आणि डॉक्टरांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. 1988 पर्यंत ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीला सांगावं लागलं, ही दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नका. दोन ते चार आठवडे, मंडळी. इथे वर्षांचा हिशोब चाललाय.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधं शेड्यूल एच-वन मध्ये आहेत. मार्च 2014 पासून दुकानदाराने चिठ्ठी बघून, रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वहीत लिहून मग ती द्यायची, आणि ती वही तीन वर्षं जपायची. वेष्टनावर लाल चौकटीत सूचना असते. पण गल्लीतला मेडिकलवाला ओळखीचा, चिठ्ठी घडीवर फाटलेली, तारीख पुसलेली, आणि वर्षानुवर्षं 'काका, नेहमीची द्या'.

आता गोळीबरोबरच्या सरमिसळीबद्दल. गोळी आणि दारू, हे सांगायची गरज नसावी; पण 'एकच पेग, तोही संध्याकाळी' म्हणणारे इथेही असतील. कंबरदुखीसाठी ट्रामाडोल चालू असेल तर झोपेच्या गोळीबरोबर श्वास मंदावू शकतो. कुणी घोरतं, झोपेत मधेच श्वास अडकून दचकून उठतं, आणि तक्रार करतं झोप लागत नाही अशी. त्याला गोळी दिली की अडकलेला श्वास आणखी उशिरा सुटतो. अशा माणसाची आधी झोपेची तपासणी व्हायला हवी. आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांनी 'झोपही येते' म्हणून सर्दीची गुंगीची गोळी घेतली, तर रात्री लघवी तुंबून कॅथेटर घालायची वेळ येते.

दवाखान्यातली एक गोष्ट मला फार खटकते. ऑपरेशनआधी औषधांची यादी विचारली की नातेवाईक शुगर, बीपी, सगळं सांगतात. झोपेची गोळी सांगत नाहीत. ती त्यांच्या लेखी औषधच नसते. मग ती अचानक बंद होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आजोबा सलाइन उपटतात, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणतात. कारणं पुष्कळ असू शकतात, पण अचानक तुटलेली गोळी हे त्यातलं एक आहे, आणि ते कुणाला माहीतच नसतं.

(यानंतर प्रश्नोत्तरे झाली. त्यांतली दोन उत्तरे.)

"तीन वर्षं घेतेय, मग आजपासून बंद करू का?" अजिबात नाही. आज रात्री नेहमीसारखी घ्या. एकदम थांबवली तर दोन-चार रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, छातीत धडधडतं, आणि माणूस म्हणतो, बघा, मला गोळीशिवाय झोप येतच नाही. तो तुमचा निद्रानाश नसतो, गोळी सुटल्याचा तो त्रास असतो. क्वचित फिटही येते. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला डॉ. हेदर ॲश्टन यांनी 1982 ते 1994 अशी बारा वर्षं फक्त या गोळ्या सोडवण्याचा दवाखाना चालवला. त्यांचा सगळा भर हळूहळू उतरण्यावर. डोस साधारणपणे दर दोन आठवड्यांनी दहा ते पंचवीस टक्क्यांनी खाली, जमत नसेल तर त्याच पायरीवर थांबायचं. शेवटच्या पायऱ्या सर्वात अवघड. हे तुमच्या डॉक्टरांबरोबर करायचं. आणि नावापुढे सीआर किंवा एसआर असलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी मोडायची नाही, तिच्यातलं औषध एकदम बाहेर येतं. जोडीला अंथरुणातला वेळ कमी करा. नऊला पडून सहाला उठणाऱ्याला सहा तास झोप लागली, तर उरलेले तीन तास तो आढ्याकडे बघत स्वतःला निद्रानाशाचा रुग्ण ठरवतो. अकराला पडा. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने 2016 मध्ये पहिला उपाय म्हणून याच प्रकारची वर्तनोपचाराची पद्धत सांगितली, गोळी नंतर.

"दुधात जायफळ उगाळून घेतलं तर?" चिमूटभर घ्या, बिघडत नाही, खीर समजा. अख्खं जायफळ मात्र पोटात जाऊ देऊ नका. धडधड, उलट्या, भास होतात. आणि निजताना पेलाभर दूध प्यायलात तर दोनला लघवीला उठावं लागेल, आणि मग माझ्याकडे येऊन म्हणाल, झोप मोडते.