रात्री दीड वाजता १०९८ लावला… पुढे काय?

नमस्कार मंडळी! समजा, रात्रीचा दीड वाजलाय. शेवटच्या लोकलने तुम्ही कल्याणला उतरलात. जिन्याखाली दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा बसलाय. पाठीला शाळेचं दप्तर, पायात एकच चप्पल. तुम्ही १०९८, म्हणजे संकटातल्या मुलांसाठीची हेल्पलाइन, लावता. आता पलीकडे नेमकं काय हलतं?

(स्क्रीनवर: दस, नौ, आठ)

हा नंबर मुलांना पाठ व्हावा म्हणून असा उलट्या मोजणीचा. १९९६ साली मुंबईत जेरू बिलिमोरिया यांनी टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणजे आपल्या 'टिस'चा प्रकल्प म्हणून चाइल्डलाइन सुरू केली. कित्येक वर्षं स्वयंसेवी संस्थाच ती चालवत होत्या. २०२३ पासून ती सरकारने आपल्याकडे घेतली, ११२ ला जोडली. तुम्ही आता ११२ लावलात तरी चालतं.

फोननंतर धावते ती ड्युटी टीम. आता ड्युटीवर माणसं तर अग्निशमन दलातही असतात. पण आग विझली की बंब परत जातो. इथे मूल समोर बसलेलंच असतं, आणि उजाडायला अजून चार-पाच तास असतात.

बरं, त्या ड्युटीवरच्या माणसाच्या हातात अधिकार किती? फारच थोडे. मुलाला घरी सोडायचं की बालगृहात ठेवायचं, हे ठरवते बालकल्याण समिती. बाल न्याय कायदा २०१५ म्हणतो, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मुलाला समितीपुढे हजर करा. समितीची बैठक नसेल तर एका सदस्यापुढे नेलं तरी चालतं. म्हणजे ड्युटीवाल्याचं काम काय, तर रात्र निभावणं. पोलिसांकडे डायरीत नोंद, गरज असेल तर सरकारी दवाखान्यात तपासणी, मग निवाऱ्याची सोय. आणि या सगळ्याच्या आधी, "घरून का पळालास?" असं न विचारता "जेवलास का?" एवढंच विचारणं. वडापाव पोटात गेला की निम्मी मुलं आपणहून बोलायला लागतात. ही आकडेवारी नाही हं, माझा अंदाज!

आता खरी मेख सांगतो. मी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करताना फिल्डवर्कला एका संस्थेत जायचो. नाव सोडा. तिथे रात्रीच्या रजिस्टरमध्ये एका मुलाबद्दल एकच ओळ होती: "मुलगा सुखरूप, झोपला." सकाळपाळीच्या ताईंनी ती वाचली, दप्तरातल्या वहीवरचा नंबर लावला आणि काकांना बोलावून घेतलं. काका रिक्षातून उतरले तसा हा पोरगा कपाटामागे जाऊन बसला. रात्री त्याने ड्युटीवरच्या दादाला दोनदा सांगितलं होतं, "काकांकडे पाठवू नका." दादाने ऐकलं होतं, लिहिलं मात्र नव्हतं. बारा तासांची पाळी संपवून तो घरी झोपला होता, फोन बंद करून. त्याला तरी किती बोलणार?

त्या दिवशी संस्थेच्या मॅडमनी काकांना चहा पाजून बसवून ठेवलं आणि मुलाला आधी समितीपुढे नेलं, म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवसापासून रजिस्टरमध्ये एक नवा रकाना आला, पेनाने आखलेला: 'मूल काय म्हणालं, त्याच्याच शब्दांत'.

म्हणून फोन करणाऱ्यानेही हेच करायचं. प्लॅटफॉर्म कुठला, जिना कुठला, अंगावर काय आहे, सोबत कोणी घुटमळतंय का, ते सांगा. फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. मुलाची ओळख उघड करणं कायद्याने गुन्हा आहे. आणि टीम येईपर्यंत पाच फुटांवर उभे राहा. तो काही बोलला, तर जसंच्या तसं लक्षात ठेवा. टीम आली की पहिलं ते सांगा.