रिव्हेट सर्वांत शेवटी

[पडद्यावर: गॅरेज. एका दिव्याखाली कारचा सांगाडा. त्यावर कुठेच पत्रा नाही.]

ही कार आहे. म्हणजे, होणार आहे. सध्या दिसतोय तो पाइपांचा पिंजरा. २५ मिलिमीटरचे चौकोनी पोलादी पाइप, वेल्डिंग झालेले, वर काळा रंग. इंजिन कोपऱ्यात ताडपत्रीखाली निजलंय. आणि भिंतीला टेकून उभे असलेले हे चकचकीत पत्रे म्हणजे तिचं अंग.

दादा ही कार बांधतोय. मी कॅमेरा धरलाय. खरं सांगायचं तर कॅमेऱ्यापेक्षा जास्त वेळ मी पत्राच धरलाय.

[पडद्यावर: दादा पत्रा उचलतो. पत्रा लवतो.]

ही किट कार, म्हणजे सुट्या भागांत मिळणारी, घरी जोडायची गाडी. या जातीतलं सगळ्यांत ओळखीचं नाव १९५७ सालच्या लोटस सेव्हनचं. लोटस कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमन याची ही गाडी सुट्या भागांतही विकली जायची. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम या ब्रिटिश कंपनीकडे गेले आणि तिची पिल्लावळ आजही रस्त्यावर आहे. सेव्हनचं अंग बरंचसं सपाट. नळ्यांची चौकट आणि तिच्या बाजूंना अॅल्युमिनियमचे पत्रे. गोलाईचं काम नाकाडात आणि मडगार्डांत, आणि ते पुढे फायबरग्लासमध्ये गेलं. सपाट पत्रा घरच्या माणसाला जमतो. जमतो, असं निदान वाटतं तरी.

[पडद्यावर: पुठ्ठा कापताना.]

पहिला पत्रा पुठ्ठ्याचा. थट्टा नाही. पुठ्ठ्यावर चुकलं तर कात्री लावायची, जास्त कापलं तर चिकटपट्टी. पुठ्ठा चौकटीवर नीट बसला की त्याची रेघ पत्र्यावर. आमचा पत्रा १.२ मिलिमीटरचा, अर्धकठीण. फार कठीण मिश्रधातू घेतला तर घडी घालताना बाहेरच्या कडेला तडा जातो. मऊ घेतला तर कोपर लागलं तरी पोचा पडतो.

रेघ मारायची मार्करने. शिसपेन्सिल नको. तिच्यातल्या ग्राफाइटशी ओलावा आला की अॅल्युमिनियम कुरतडलं जातं. आणि टोकदार सुई तर त्याहून नको. तिचा चरा म्हणजे पुढे तडा कुठून जायचा याची आखून दिलेली वाट.

[पडद्यावर: लाकडी ठोकळा, पत्रा क्लॅम्पमध्ये, लाकडी हातोडी.]

घडी घालताना पत्र्याखाली गोल कडेचा लाकडी ठोकळा. एका जागी जोरात ठोकायचं नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू, प्रत्येक फेरीत थोडासा कल. काटकोन एकदम काढायला गेलं की कडेला लाटा उठतात, आणि उठलेली लाट बसवणं दादाला अजून जमलेलं नाही. मला तर नाहीच.

[पडद्यावर: पत्रा चौकटीवर, कडेने क्लॅम्प. दादा आतल्या बाजूने वाकून हात घालतो.]

आता खरी गोष्ट. रिव्हेटची, म्हणजे पत्रा पाइपाला पक्का जोडणाऱ्या धातूच्या मेखांची, भोकं कुठे पाडायची?

पहिल्या बाजूला आम्ही बाहेरून मापलं. पत्र्याच्या कडेपासून साडेबारा मिलिमीटर, म्हणजे पाइपाचा बरोबर मध्य, आणि एक सरळ रेघ. रेघ सरळच होती. पाइप नव्हता. वेल्डिंगच्या उष्णतेने पाइप थोडा ओढला जातो, डोळ्याला कळत नाही. आठ भोकं ठीक पडली. नवव्याला ड्रिल पाइपाच्या कडेवरून घसरलं, आणि दहावं तर पाइपाला सोडूनच गेलं.

तेव्हापासून आतून. पत्रा लावलेला असतानाच आतल्या बाजूने मार्कर पाइपाच्या दोन्ही कडांना टेकवून ओढायचा. पत्रा काढला की पाठीवर पाइपाची सावली उमटलेली दिसते, जिथे वाकडी तिथे वाकडी. मध्यरेघ त्या सावलीची धरायची. मग दर ५० मिलिमीटरला सेंटर पंचची, म्हणजे टोकदार पोलादी दांडीची, टिचकी, आणि मागे लाकूड ठेवून बारीक भोक.

[पडद्यावर: ड्रिलचं टोक, अगदी जवळून. चंदेरी कीस.]

रिव्हेट ३.२ मिलिमीटरचा, भोक ३.३ चं. शेवटच्या मापाचं भोक पत्रा परत जागेवर बसवल्यावर, पत्रा आणि पाइप एका दमात. त्याआधी पाइपामागे हात फिरवून घ्यायचा. तिथे ब्रेकची नळी गेली असेल तर ड्रिलला ती दिसत नाही.

हे तांब्याच्या रंगाचे टोचे म्हणजे क्लेको. पोटात स्प्रिंग असलेली तात्पुरती पकड. ३.२ ला तांब्याचा रंग ठरलेला. एक भोक पाडलं की एक क्लेको, मग पुढचं भोक. सुरुवात मधून, मग डावीकडे एक, उजवीकडे एक. दोन्ही टोकं आधी बांधली तर फाजील पत्रा मध्ये गोळा होतो, आणि बोट दाबलं की तेलाच्या डब्याच्या बुडासारखा टुपूक करून आत जातो, सोडलं की बाहेर.

उन्हाचंही असंच. अॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. एक मीटर पत्रा आणि ३० अंशांचा फरक धरला तर दोघांत साधारण तिसरा हिस्सा मिलिमीटर तफावत. म्हणून काही जण पत्रा कोमट करूनच बसवतात. निवला की तो ताणून बसतो.

[पडद्यावर: सगळा पत्रा क्लेकोंनी भरलेला, साळिंदरासारखा.]

एवढं झालं की वाटतं, चला, आता रिव्हेट.

नाही. आता पत्रा काढायचा.

भोकाच्या काठाला धातूची बारीक कोर उठलेली असते. ती राहिली तर पत्रा आणि पाइपामध्ये फट राहते, कितीही दाबा. मोठ्या ड्रिलचं टोक हातातच धरून भोकात एक गिरकी दिली की निघते. कडांवरून कानस. पाइपातल्या भोकांना प्रायमरचं बोट, कारण तिथला रंग ड्रिलने सोलला. पोलाद आणि अॅल्युमिनियम एकमेकांना उघडे भेटले आणि वर पाणी आलं, की मरतं अॅल्युमिनियम. रंगाखाली पांढरी भुकटी फुगून येते. म्हणून मधे सीलंटचा पातळ थर.

[पडद्यावर: सीलंटची लांब धार. दोघांची घाई.]

सीलंट लागलं की घड्याळ चालू. चौकशी करत बसायला वेळ नाही. पत्रा, क्लेको, एकाआड एक भोकात रिव्हेट.

[पडद्यावर: रिव्हेट गन. टक्.]

पॉप रिव्हेट एकाच बाजूने मारता येतो, म्हणून बंद पाइपाला चालतो. पोकळ नळीतून एक खिळा गेलेला. गन खिळा ओढते, खिळ्याचं डोकं मागची नळी फुगवतं, आणि ताण ठरलेल्या जागी पोचला की खिळा तुटतो. पत्रा १.२, पाइपाची भिंत १.६, मिळून २.८. तेवढी जाडी पकडणाऱ्या लांबीचाच रिव्हेट हवा. पकडीची मर्यादा डब्यावर छापलेली असते. गन पत्र्याला काटकोनात, आणि डोकं पत्र्याला चिकटलेलं. तिरकी गन म्हणजे तिरकं डोकं, आणि त्याखाली कायमची फट.

टक्. टक्. मीटरभर पाइपाला एकवीस रिव्हेट. चार दिवसांच्या तयारीचं काम चहा गार व्हायच्या आत संपतं. चित्रीकरणाच्या दृष्टीने फारच वाईट.

[पडद्यावर: एका रिव्हेटचं डोकं, थोडं तिरकं. दादा बोट फिरवतो.]

"हा काढ," दादा म्हणाला.

"राहू दे ना रे. कुणाला दिसतोय?"

"मला दिसतोय."

रिव्हेट काढायचा म्हणजे डोक्याच्या मधोमध तेच ३.३ चं ड्रिल. डोकं सुटून ड्रिलवर चढतं, मग उरलेलं शेपूट पंचने आत ढकलायचं. आत म्हणजे पाइपात. पाइप दोन्हीकडून बंद.

[पडद्यावर: गॅरेजचं दार उघडं. दोघं चाकं लावलेला सांगाडा बाहेर ढकलतात.]

ऐका. डाव्या बाजूला, खालच्या पाइपात.

[आवाज: खुळ्. खुळ् खुळ्.]