एकाच चॅनलवरचा एकच व्हिडिओ का पळतो?

नमस्कार श्रोतेहो. चॅनल तेच, चेहरा तोच, माईक तोच, मेहनत पण तेवढीच, आणि तरी एका व्हिडिओला लाखभर व्ह्यूज आणि त्याच्या मागच्याला जेमतेम हजार, हे यूट्यूबवर नेमाने व्हिडिओ टाकणाऱ्या जवळपास सगळ्यांनी अनुभवलंय. मग खापर फोडायला अल्गोरिदम, म्हणजे कुणाला कोणता व्हिडिओ दाखवायचा ते ठरवणारी यूट्यूबची यंत्रणा, आहेच. पण मला सांगा, अल्गोरिदम तर दोन्ही व्हिडिओंना एकच होता ना? मग फरक दुसरीकडेच शोधायला हवा.

आधी हा अल्गोरिदम बघतो काय ते थोडक्यात. २०१२ मध्ये यूट्यूबने नुसत्या व्ह्यूजऐवजी वॉच टाइमला, म्हणजे लोक किती वेळ बघतात त्याला जास्त वजन द्यायला सुरुवात केली, कारण भडक थंबनेल, म्हणजे व्हिडिओवर दिसणारं ते छोटं चित्र, लावून क्लिक तर मिळायचा पण माणूस दहा सेकंदांत वैतागून परत फिरायचा. पुढे त्यात समाधान पण आलं, अधूनमधून स्क्रीनवर तो प्रश्न येतो ना, हा व्हिडिओ कसा वाटला म्हणून, तो त्यासाठीच. थोडक्यात व्हिडिओ ढकलला जात नाही, बघणाऱ्याकडून ओढला जातो.

माझ्या मते निम्मा निकाल कॅमेरा चालू करायच्या आधीच लागलेला असतो, विषय निवडतानाच. समजा मोबाईल रिपेअरिंगचं चॅनल आहे. ‘बॅटरी लवकर का उतरते’ हा प्रश्न फोन वापरणाऱ्या कुणालाही पडतो, आणि ‘अमुक मॉडेलचं चार्जिंग पोर्ट कसं बदलायचं’ हा फक्त ते मॉडेल हातात असलेल्यांना, त्यातही ज्यांचं पोर्ट गेलंय त्यांनाच. दुसरा व्हिडिओ दसपट चांगला बनवला तरी त्याचं गिऱ्हाईकच कमी. तो वाईट नाही हां, उलट सर्चमधून वर्षानुवर्षं थोडे थोडे लोक आणत राहतो, पण त्याची तुलना पहिल्याशी करून रडत बसू नये.

त्यानंतर येतं टायटल आणि थंबनेल. शंभर वेळा दिसलं तर किती जणांनी क्लिक केलं, हा सीटीआर. यूट्यूबच सांगतं की निम्म्या चॅनल्सचा आणि व्हिडिओंचा सीटीआर २ ते १० टक्क्यांच्या मधे असतो. आता इथे एक गंमत आहे आणि नवीन लोक हमखास इथेच घाबरतात: व्हिडिओ चालायला लागला की सीटीआर खाली येतो! सुरुवातीला व्हिडिओ तुमच्या ओळखीच्या प्रेक्षकांना दिसतो, ते तुमचं नाव बघूनच क्लिक करतात, मग तो होम पेजवर अनोळखी लोकांसमोर जातो आणि त्यांना तुम्ही कोण हे माहीतच नसतं, मग टक्का घसरणारच. त्यामुळे ९ टक्के सीटीआरवाला व्हिडिओ हजारात अडकलेला आणि ४ टक्केवाला लाखात गेलेला, असं सर्रास दिसतं. घसरण बघून लगेच थंबनेल बदलायला धावू नका, आधी इम्प्रेशन्स, म्हणजे थंबनेल लोकांना किती वेळा दिसलं, किती वाढलेत ते बघा.

क्लिक मिळाला की खरी परीक्षा सुरू. यूट्यूब स्टुडिओ या चॅनलवाल्यांच्या अ‍ॅपमधल्या रिटेन्शनच्या, म्हणजे किती टक्के लोक कुठपर्यंत टिकले त्याच्या, ग्राफमध्ये पहिल्या ३० सेकंदांचा आकडा वेगळा दाखवतात, आणि तो उगाच नाही. टायटलमध्ये जे कबूल केलं ते समोर यायच्या आधी लोगोचं अ‍ॅनिमेशन, मग ‘कसे आहात सगळे’, मग सबस्क्राइब करा, बेल दाबा... माणूस गेला की हो तोवर! ग्राफ जिथे सपाट आहे तिथे लोक टिकलेत, जिथे उंचवटा आहे तिथे मागे जाऊन परत बघितलंय, खड्डा असेल तर तो भाग पुढे ढकललाय किंवा तिथूनच निघून गेलेत. मला तर वाटतं की दहा सल्ले ऐकण्यापेक्षा स्वतःचे हे उंचवटे बघत बसावं, पुढच्या व्हिडिओचा विषय बऱ्याचदा तिथेच सापडतो. फक्त ४ मिनिटांच्या आणि २० मिनिटांच्या व्हिडिओचे टक्के शेजारी ठेवू नका, साधारण सारख्या लांबीचेच ताडून बघा.

आणि थंबनेलचं म्हणाल तर यूट्यूबने तीन थंबनेल एकमेकांशी लावून बघायची सोय दिलीये, त्यात विजेता क्लिकवर ठरत नाही, वॉच टाइमवर ठरतो. यावरूनच कळतं त्यांना काय हवंय ते.

हा, नशिबाचा भाग असतोच. एखादी बातमी फुटते आणि दोन वर्षं पडून राहिलेला व्हिडिओ अचानक उठून बसतो, त्याचं श्रेय कुणी घेऊ नये.

जाता जाता एक. व्हिडिओ हिट झाला की लगेच त्याचा ‘भाग २’ काढायचा मोह होतो आणि तो बहुतेक वेळा आपटतो, कारण भाग १ न बघितलेला माणूस त्यावर क्लिक कशाला करेल? तोच विषय घ्या, बिनधास्त घ्या, पण टायटलमधून ‘भाग २’ काढा आणि व्हिडिओ असा बनवा की पहिला न बघता पण समजेल. चला, माझी वेळ संपली, नमस्कार.