शिपायाची पावलं

श्रोतेहो, नमस्कार. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी पायदळाचा विषय निघाला की नॉर्मंडीचा किनारा आठवतो, तोफा आणि रणगाडे आठवतात. आज आपण बोलणार आहोत शिपायाच्या पावलांविषयी. नोव्हेंबर १९४४ ते एप्रिल १९४५ या काळात युरोपच्या आघाडीवरचे सुमारे ४५ हजार अमेरिकी सैनिक थंडीच्या इजेमुळे इस्पितळात दाखल झाले. त्यांत ‘ट्रेंच फूट’चे, म्हणजे ओल आणि थंडीनं पाऊल निकामी होण्याचे, रुग्ण फार मोठ्या संख्येनं होते, आणि ते मुख्यतः रायफल कंपन्यांमधले, म्हणजे पायदळाच्या आघाडीवर लढणाऱ्या तुकड्यांमधले.

ट्रेंच फूट व्हायला बर्फ लागत नाही. पारा शून्याच्या थोडा वर, मोजा ओला, बूट आवळलेला आणि हालचाल बंद, एवढं पुरतं. त्या नोव्हेंबरात ईशान्य फ्रान्समधल्या लॉरेन प्रांतात, मेत्झ शहराच्या आसपास, पावसानं पाठ सोडली नव्हती. खणलेल्या खड्ड्यात पाणी साचलेलं आणि बाहेर डोकं काढायची सोय नाही. शिपाई तासन्‌तास तसाच उकिडवा बसून राही. रक्तवाहिन्या आकसत, पाऊल पांढरंफटक पडून बधिर होई. दुखत नाही म्हणून तो कुणाला सांगतही नसे. बूट काढला की पाऊल सुजे, मग ते परत आत जात नसे. ऊब मिळाली की ते लालबुंद होई, आग आग होई, फोड येत. इजा खोल गेली असेल तर बोटं काळी पडत.

उपाय साधा होता. रोज बूट उतरवायचे, जोडीदारांनी एकमेकांची पावलं चोळायची, कोरडे मोजे चढवायचे आणि ओले मोजे शर्टाच्या आत, अंगाच्या उबेवर वाळवायचे. कोरडे मोजे मात्र मागून पुढे यावे लागत. काही तुकड्यांनी ते रोजच्या शिध्याबरोबर पाठवायला सुरुवात केली.

घोळ बुटांत होता. चामड्याचे बूट पाणी शोषून घेत. माप एका पातळ मोज्यावर घेतलेलं, त्यात लोकरीचे दोन जोड कोंबले की बूटच पाय आवळून धरी. वरून घालायचे रबरी ओव्हरशूज कमी पडले. मिळाले त्यांनाही ते जड होत, चढाईच्या वेळी फेकून दिले जात. रबरी तळाचे, आत नमद्याचे सुटे तळवे घातलेले ‘शूपॅक’ बूट बऱ्याच तुकड्यांना मिळेपर्यंत जानेवारी उजाडला.

वरिष्ठांनी याला शिस्तीचा प्रश्न मानलं. मला ते अन्यायाचं वाटतं. शेजारच्या ब्रिटिश सैन्यात हे रुग्ण फारच थोडे होते, कारण त्यांचे बूट-मोजे बरे होते आणि आघाडीवरच्या तुकड्या आलटूनपालटून मागे नेल्या जात. अमेरिकी डिव्हिजनं आठवडेच्या आठवडे आघाडीवर राहत. ज्याला खड्ड्यातून हलताच येत नाही, त्यानं मोजे वाळवायचे कुठे?

इस्पितळात पावलांवर पांघरुणाचा भारही सोसवत नसे, म्हणून ती उघडीच ठेवत. बरे झालेल्यांपैकी अनेकांना पुन्हा थंडी सोसत नसे, त्यामुळे रायफल कंपनीत परतणारे थोडेच. त्यांच्या जागी बदली शिपाई येत, बहुधा रात्रीच्या अंधारात, एकेकटे, आणि त्याच ओल्या खड्ड्यात उतरत.