एका घुबडाची तीन हजार वर्षं

[दृश्य: राजांची दरी, लक्सरचा पश्चिम काठ. होरेमहेबच्या थडग्यातली अपुरी भिंत.]

हे होरेमहेब राजाचं थडगं. इसवी सनापूर्वी 1300च्या आसपासचं. काम पुरं होण्याआधीच राजाला इथे पुरावं लागलं आणि भिंती होत्या तशा राहिल्या. इजिप्तमधल्या देखण्या, पूर्ण झालेल्या कितीतरी थडग्यांपेक्षा मला ही भिंत जास्त मोलाची वाटते. प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीचं, हायरोग्लिफचं, अक्षर कसं घडायचं, हे ती टप्प्याटप्प्याने दाखवते.

या लाल रेषा नीट पहा. हा पहिला आराखडा. त्यावर या काळ्या रेषा, म्हणजे जाणत्या हाताने केलेली दुरुस्ती. कुठे पक्ष्याची पाठ उचललेली, कुठे माणसाचा खांदा खाली घेतलेला. आणि इथून पुढे छिन्नी सुरू होते. रेषेबाहेरचा दगड खरवडून काढलाय, चिन्ह वर उठून आलंय. रंग सगळ्यात शेवटी.

एका चिन्हावरून इतके हात फिरत होते. मग प्रत्येक काळाचं, प्रत्येक कार्यशाळेचं अक्षराला वेगळं वळण असणारच. ते ओळखायचं असेल, तर एकच चिन्ह धरून चालत राहावं. आपण घुबड धरू.

[दृश्य: घुबडाचं चिन्ह, जवळून.]

याचा उच्चार ‘म’. ‘मध्ये’, ‘पासून’ अशा अर्थाच्या छोट्या शब्दात ते येतं, त्यामुळे जवळपास कुठल्याही मजकुरात सापडतं. अंग बाजूने काढलेलं, पण चेहरा थेट आपल्याकडे वळलेला. गिधाड, ससाणा, लाव्याचं पिल्लू हे सगळे एका बाजूला बघतात. घुबड तेवढं आपल्याकडे बघतं.

[दृश्य: सक्कारा, उनासचा पिरॅमिड, आतला कक्ष.]

इसवी सनापूर्वी सुमारे 2350. पिरॅमिडच्या आत मजकूर कोरण्याची ही पहिलीच वेळ. भिंतभर उभे रकाने, त्यात कोरलेली चिन्हं आणि खोलगट भागात भरलेला निळा रंग. इथलं घुबड साधं आहे, बाह्यरेषा स्वच्छ. पिसं मोजत बसायला कोणाला वेळ नव्हता. मंत्र हजारो शब्दांचे होते.

त्याच्याही दोनेकशे वर्षं आधी, मेदूमला, नेफरमात नावाच्या राजपुत्राने एक विलक्षण प्रयोग केला. चिन्हांचे खोल खाचे खोदायचे आणि त्यात रंगीत लेप ठासून भरायचा. आपण पुसली न जाणारी अक्षरं केली आहेत, असं त्याने तिथेच अभिमानाने लिहून ठेवलं. लेप वाळला, तडकला, बराचसा गळून पडला. पुढे ही पद्धत कोणी उचलली नाही. पण साडेचार हजार वर्षांपूर्वी अक्षर टिकावं म्हणून कोणीतरी इतका विचार केला होता, हे मला फार थोर वाटतं.

[दृश्य: कर्नाक, खुलं संग्रहालय. सेनुस्रेत पहिला याचं श्वेत मंदिर.]

आता इथे थांबूया, कारण यापेक्षा सुंदर अक्षर इजिप्तमध्ये क्वचितच सापडेल. इसवी सनापूर्वी सुमारे 1950. पांढरी चुनखडी, उठावाचं काम. घुबडाच्या पंखावरची पिसं ओळीने कोरलेली आहेत. टोपलीची वीण दिसते. नागाच्या अंगावरच्या रेघासुद्धा सोडलेल्या नाहीत. शब्द वाचता यायला यातलं काहीच लागत नाही. वाचायला नुसती आकृती पुरते. तरीही त्या पाथरवटांनी हे केलं.

हे मंदिर पुढे सुटं केलं गेलं. तिसऱ्या आमेनहोतेपने आपल्या प्रवेशद्वाराच्या भरावात त्याचे दगड वापरले. ते तिथे दडले, ऊन-वाऱ्यापासून वाचले, आणि विसाव्या शतकात बाहेर काढून पुन्हा जुळवले गेले. इतकी कोवळी रेषा आज दिसते ती त्यामुळे.

सेनुस्रेतच्या राजवंशाच्या अखेरीस घुबडाचे पाय जातात. हवारा आणि दहशूरच्या काही राजघराण्यातल्या दफनांमध्ये पक्ष्यांची चिन्हं पायांशिवाय काढलेली आहेत, सापांच्या शेपट्या छाटलेल्या आहेत. चित्र म्हणजे नुसती खूण नाही, त्यात जीव आहे, अशी श्रद्धा होती. मेलेल्या माणसाशेजारी, बंद खोलीत, साप सरपटायला लागला तर? म्हणून लिहिणाऱ्याने त्याला आधीच लुळा करून ठेवलं. भीतीने अक्षराचं रूप इतकं बदलल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

[दृश्य: तिसऱ्या थुतमोसच्या थडग्यातला लंबगोल दफनकक्ष.]

इथे छिन्नी नाही. इथे बोरू आहे. पिवळसर भिंतीवर काळ्या-लाल शाईत, पपायरसची गुंडाळी उलगडून लावल्यासारखा मजकूर. देवतासुद्धा काड्यांच्या. घुबड चार-पाच फटकाऱ्यांत संपतं, तरी घुबडच राहतं.

रोजच्या हिशेबाला, पत्रांना याहूनही भरधाव लिपी होती, हायरॅटिक. तिच्यात पक्षी ओळखूच येत नाही. देवनागरीशेजारी मोडी ठेवली, की जे नातं दिसतं, तसंच हे. देवळाच्या भिंतीवर एक, कारकुनाच्या हातात दुसरी. शतकानुशतकं दोन्ही शेजारी नांदल्या.

[दृश्य: अबायडोस, सेती पहिला याचं मंदिर.]

बाप आणि लेकाचं अक्षर एकाच छपराखाली बघायचं तर अबायडोसला यावं. आतल्या दालनात सेतीचं काम: नाजूक उठाव, कडा इतक्या मऊ, की उजेड त्यावरून ओघळतो. बाहेरच्या दालनात मुलाने, दुसऱ्या रामसेसने, पुरं केलेलं काम. खोदीव, घाईचं, भरड. खोदीव कामात भोवतालचा दगड काढावा लागत नाही, त्यामुळे ते लवकर होतं. उन्हात त्याला कडक सावली पडते, म्हणून बाहेरच्या भिंतींना ते शोभतंही. पण आत ते डोळ्यांना टोचतं.

आणि मग मेदिनेत हाबूचं देऊळ. तिसरा रामसेस, इसवी सनापूर्वी बारावं शतक. इथल्या काही चिन्हांत हात घातला, तर बोटं आत जातात. रामसेस दुसऱ्याने पूर्वजांच्या कितीतरी इमारतींवर आपलं नाव चढवलं होतं. आपलं नाव तसं कोणाला खोडता येऊ नये म्हणून तिसऱ्या रामसेसने इतकं खोल खोदवलं, असं बरेच अभ्यासक मानतात.

[दृश्य: एडफू, नंतर एस्ना.]

एडफूचं देऊळ इसवी सनापूर्वी 237 ते 57 या काळात बांधलं गेलं. राज्य ग्रीक वंशाच्या टॉलेमींचं, लेखणी इजिप्शियन पुजाऱ्यांची. जुन्या काळात सातशेच्या आसपास चिन्हांवर भागायचं. आता ती काही हजारांवर गेली. आकृत्या गुबगुबीत झाल्या, एकमेकींना खेटून बसल्या. ‘म’ लिहायला घुबडाखेरीज इतर पर्यायही चालू होते. एस्नाला, रोमन काळात, एक स्तोत्र जवळजवळ संपूर्णपणे मेंढ्यांच्या चिन्हांनी लिहिलंय आणि दुसरं मगरींच्या. वाचू शकणारे मूठभर उरले असताना पुजारी लिपीशी इतकं खेळत होते.

या चित्रलिपीतला शेवटचा ज्ञात लेख फिलेच्या बेटावर आहे, 24 ऑगस्ट, इसवी सन 394. इसिस देवीचा पुजारी नेस्मेतेराखेम याने तो कोरला. चिन्हांचा तोल गेलेला आहे, रेषा अडखळते.

[दृश्य: छापील पान, शिशाचे खिळे. नंतर मेदिनेत हाबू, शिडीवर काम करणारा चित्रकार.]

पुस्तकात, पडद्यावर आपण जे घुबड बघतो, ते मात्र बहुतेक वेळा एकाच घराण्यातलं असतं. या लिपीचे अभ्यासक अॅलन गार्डिनर यांनी 1920च्या दशकात छपाईचे खिळे पाडून घेतले. रेखाटनं नीना आणि नॉर्मन डेव्हिस या दांपत्याची, आणि त्यांच्यासमोर नमुना होता थीब्जच्या अठराव्या राजवंशातल्या थडग्यांचा. काम उत्तमच होतं. पण त्या खिळ्यांत उनासचा मजकूर छापा नाहीतर एडफूचा, तो अठराव्या राजवंशाचाच दिसतो. 2009 साली युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक संचात, 1071 चिन्हं आली, 2024 मध्ये आणखी 3995. सोय झाली, वळण तिथेही नाही.

म्हणूनच लक्सरच्या शिकागो हाऊसमध्ये, शिकागो विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रात, 1924पासून भिंती हाताने उतरवून घेतल्या जातात. जुनी पद्धत अशी: आधी भिंतीचा फोटो. त्याच्या मोठ्या प्रतीवर चित्रकार भिंतीसमोर बसून पेन्सिलने रेषा काढतो. मग शाई. मग फोटो धुऊन नाहीसा केला जातो, कागदावर फक्त रेषा उरतात. त्यानंतर एक लिपितज्ज्ञ तो कागद घेऊन भिंतीशी येतो, मग दुसरा, आणि चिन्हागणिक चूक शोधतात. पायाची नखं दोन की तीन? ही चीर मूळची, की दगड फुटल्याची? एकमत होईपर्यंत चित्रकार शिडीवरून खाली येत नाही.